प्रार्थनेत मन भटकते म्हणून प्रार्थना सोडू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पंधरा दिवसांपूर्वी एका तरुण वाचकाचे पत्र प्रसिद्ध झाले होते. वडगाव शेरीत राहणाऱ्या आणि ख्रिस्ती घरात वाढलेल्या या मुलाने लिहिले होते की, लहानपणापासून रोज रात्री करत आलेली प्रार्थना त्याने या वर्षी बंद केली. कारण गुडघे टेकल्यावर दोन मिनिटांतच मन कंपनीतल्या कामाकडे, घराच्या हप्त्यांकडे, दिवसभरात कुणी लावून बोलले असेल त्याकडे धावते आणि ओठ मात्र ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणत राहतात. हे त्याला ढोंग वाटू लागले होते. ज्यांचे मन लागते त्यांनी ते कसे लागते हे सांगावे, अशी त्याची विनंती होती. त्यावर आलेली जी उत्तरे आपण छापलीत त्यांत श्वासावर लक्ष ठेवण्याचा, दिव्याच्या ज्योतीकडे पाहण्याचा आणि पहाटे उठण्याचा सल्ला होता. हे सल्ले चांगल्या मनाने दिलेले आहेत आणि त्यांचा पुष्कळांना उपयोगही होत असेल. परंतु ख्रिस्ती प्रार्थनेविषयी जे सांगायला हवे होते ते राहून गेले असे मला वाटले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ज्यांचे मन लागते त्यांच्यापैकी मी नाही. आज वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीही माझे मन प्रार्थनेत भटकते आणि तरीही मी प्रार्थना सोडलेली नाही, एवढ्याच अधिकाराने मी लिहीत आहे.

मन आवरत नाही ही तक्रार आपल्याकडे नवी नाही. अर्जुनानेही ती श्रीकृष्णाजवळ केली होती. ध्यानाच्या मार्गाने जाणाऱ्या साधकासाठी चित्त स्थिर होणे हे साधनेचे मोठे फळ असते आणि त्या मार्गाविषयी मला आदर आहे. मात्र ख्रिस्ती माणूस प्रार्थनेला बसतो तेव्हा तो कोणाशी तरी बोलायला बसतो. येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तिची सुरुवातच ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ या हाकेने होते. लेक चार दिवसांसाठी माहेरी येते, आईजवळ बसून बोलत असते आणि मध्येच तिचे लक्ष सासरच्या काळजीकडे जाते, तेव्हा आई तिला ढोंगी म्हणत नाही. तिचा चेहरा पाहून ‘काय झालं गं?’ असे विचारते. त्या मुलाने ज्या मापाने आपली प्रार्थना मोजली ते माप एकाग्रतेचे होते. आईजवळ बसलेल्या लेकीला ते माप कोणी लावत नाही.

शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, याचा सर्वांत हृदयस्पर्शी दाखला गेथशेमाने बागेतला आहे. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांना आपल्याबरोबर जागे राहायला सांगितले आणि ते तिघेही झोपी गेले. तो त्यांच्याकडे तीन वेळा परत आला, तिन्ही वेळा ते झोपलेलेच होते. त्याने त्यांना जागे राहून प्रार्थना करायला सांगितले, त्यांची कानउघाडणीही केली. पण त्याच वेळी आत्मा तयार असतो आणि देह मात्र दुबळा असतो, असेही तोच म्हणाला. त्या झोपाळू माणसांना त्याने सोडून दिले नाही. याच पेत्राच्या हाती पुढे मंडळी, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा समाज, सोपवली गेली. आणखी एक गोष्ट मला फार धीर देते. त्या रात्री येशूने स्वतः तिसऱ्यांदा प्रार्थना केली ती आधीच्याच शब्दांत केली, असे शुभवर्तमान लिहिणारा मत्तय सांगतो. शब्द तेच राहिले म्हणून त्याच्या प्रार्थनेचे मोल कमी झाले असे कोणी म्हणणार नाही; मग त्या मुलाने तरी लहानपणापासून म्हणत आलेल्या त्याच शब्दांची लाज का बाळगावी?

ज्यांनी सारे आयुष्य प्रार्थनेला वाहिले, त्यांचाही अनुभव आपल्यापेक्षा फार वेगळा नव्हता. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात जे संन्यासी राहत, त्यांना ना बाजार होता ना शेजार, तरी त्यांच्या बोलण्यात सर्वांत जास्त चर्चा मनात येणाऱ्या विचारांची असे. त्यांच्याकडून शिकून आलेल्या जॉन कॅशियनने त्यांची एक साधी युक्ती लिहून ठेवली आहे. पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेच्या सत्तराव्या स्तोत्राचे पहिले वचन, म्हणजे देवाला मदतीसाठी लवकर धावून येण्याची विनवणी, हे वचन त्यांनी तोंडपाठ करून ठेवले होते आणि मन कुठेही गेले तरी, काम करताना, जेवताना, झोप येत असताना, ते तेवढेच पुन्हा म्हणत. विचारांशी झुंजण्यात त्यांनी शक्ती घालवली नाही. संकटात ‘धाव रे’ म्हणणे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही, म्हणून ही युक्ती मला आपल्या घरातलीच वाटते. गेली वीस वर्षे मी ती वापरत आहे.

अविलाची तेरेसा ही सोळाव्या शतकातली स्पॅनिश संन्यासिनी. प्रार्थनेविषयी तिच्याइतके खोल क्वचितच कोणी लिहिले असेल. आपल्या आयुष्यातली काही वर्षे अशी गेली की प्रार्थनेचा तास कधी संपतो याकडेच लक्ष असे, घड्याळाचे ठोके कधी पडतात ते आपण ऐकत बसत असू, असे तिने प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले आहे. पुढे १५७७ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी लिहिताना ती सांगते की डोक्यात नद्या वाहत असल्यासारखा गोंगाट चालू आहे. आणि मग ती गिरणीचा दाखला देते. गिरणीचा खटखटाट चालायचाच, तो चालू द्यावा आणि आपण आपले पीठ दळत राहावे, असा तिचा आशय आहे. आमच्या नाना पेठेत घराखालीच पिठाची गिरणी होती. तिच्या आवाजात माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी स्तोत्र म्हणत आणि गिरणी बंद होण्याची वाट त्यांनी कधी पाहिली नाही. तेरेसाचे नावही त्यांना ठाऊक नव्हते.

कॅथलिक मंडळीने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही हेच सांगितले आहे. भटकणाऱ्या विचारांचा पाठलाग करणे म्हणजे त्यांच्याच सापळ्यात अडकणे होय, आपण फक्त आपल्या अंतःकरणाकडे परत वळावे, आणि मन ज्याकडे धावते त्यावरून आपण कशाला चिकटलो आहोत हे आपल्याला कळते, असा त्याचा अर्थ आहे. मी स्वतः प्रॉटेस्टंट मंडळीची सभासद आहे. तरीही आमच्या आणि कॅथलिक बंधुभगिनींच्या शिकवणुकीत या बाबतीत मला काही अंतर दिसत नाही.

याचा अर्थ मन हवे तसे उधळू द्यावे असा मात्र कोणी घेऊ नये. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५३५ साली आपल्या न्हाव्याच्या विनंतीवरून प्रार्थना कशी करावी याविषयी त्याला एक लांब पत्र लिहिले. त्यात त्याने त्या न्हाव्याच्याच धंद्यातला दाखला दिला. चांगला न्हावी आपली नजर आणि आपले ध्यान वस्तऱ्यावर ठेवतो. तो बडबड करत इकडेतिकडे पाहू लागला तर गिऱ्हाइकाचे तोंड किंवा नाक कापेल, प्रसंगी गळाही. कोणतेही काम नीट व्हायचे तर माणूस त्यात पुरता असावा लागतो, मग प्रार्थना तर त्याहून मोठी. हा दाखला मला पूर्ण मान्य आहे. रस्त्यावरून जाणारा माणूस खिडकीतून दिसणे वेगळे आणि त्याला घरात बोलावून, पाट मांडून, जेवायला बसवणे वेगळे. विचार येतो त्यात आपला दोष नाही; तो आल्याचे कळल्यावरही आपण त्याला बसवून घेतो, तेव्हा मात्र दोष आपल्याकडे येतो. ल्यूथरने त्या न्हाव्याला सांगितलेला उपायही साधा आहे. येशूने शिकवलेली प्रार्थना एकेक ओळ घेऊन सावकाश म्हणावी, एखाद्या ओळीवर मन रमले तर तिथेच थांबावे, पुढच्या ओळी राहिल्या तरी चिंता करू नये.

माझ्या आयुष्यातला एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या यजमानांची हृदयाची शस्त्रक्रिया झाली. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मी दोन रात्री काढल्या. त्यांच्यासाठी प्रार्थना करावी म्हणून मी डोळे मिटत होते आणि मन दर वेळी रुग्णालयाच्या बिलाकडे जात होते. मुदत ठेव मोडावी की पतपेढीतून कर्ज काढावे, मुलीची फी कधी भरायची, हीच गणिते चालू होती. नवरा आत मरणाशी झुंजतो आहे आणि आपण पैशांचा हिशेब करतो आहोत, याची मला इतकी शरम वाटली की मी प्रार्थना करणेच थांबवले. भल्या सकाळी आमचे वृद्ध पाळकसाहेब आले. मी त्यांना हे रडत सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “बाई, मग बिलाचंच सांगा ना त्याला. तो काय फक्त हृदयाचा डॉक्टर आहे का?” त्या बाकावर बसून मी देवाला प्रथमच पैशांविषयी बोलले, कोणत्या खात्यात किती आहेत, किती कमी पडतात, सगळे सांगितले. आणि ते सांगून झाल्यावर यजमानांसाठी जी प्रार्थना माझ्या तोंडून निघाली तशी आधीच्या दोन रात्रींत निघाली नव्हती. ज्या विचाराला मी अडथळा समजत होते तीच माझी त्या वेळची खरी विनंती होती आणि मी ती देवापासून लपवत होते. त्या तरुणाला हप्त्यांची आठवण येते, तर त्याने हप्त्यांविषयीच बोलायला सुरुवात करावी, असे मी म्हणते ते या अनुभवावरून. ज्याने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितली आहे, त्याला घराचा हप्ता परका नाही.

एक अपराधही मला इथे मांडला पाहिजे. मी एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकवली आणि शाळेतली शिस्त मी घरच्या सायंप्रार्थनेतही आणली. माझा मुलगा लहान असताना प्रार्थनेत चुळबुळ करायचा, डोळे किलकिले करून पाहायचा, आणि मी ‘आमेन’ झाल्यावर सर्वांसमोर त्याला रागवायची. हालू नको, डोळे घट्ट मीट, लक्ष कुठे आहे तुझे, हे मी त्याला रोज ऐकवले. सोळाव्या वर्षी त्याने मला सांगितले की, प्रार्थना म्हटले की त्याला फक्त आपण पकडले जाऊ ही भीती आठवते. वडगाव शेरीच्या त्या मुलाचे पत्र वाचताना मला माझ्या मुलाचा तो आवाज पुन्हा ऐकू आला. आपल्या घराघरांत मुलांना प्रार्थनेत स्थिर बसवण्याचा जितका खटाटोप होतो, तितका त्यांना देवाशी बोलायला शिकवण्याचा होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आज माझा नातू प्रार्थनेत मध्येच डोळे उघडून ‘आजी, मांजर आलं’ म्हणतो, तेव्हा मी मांजरासाठी देवाचे आभार मानते आणि पुढची ओळ म्हणते.

पुण्यासारख्या शहरात बाहेरच्या गोंगाटाला दोष देणे सोपे आहे. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चसाठी १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली, त्या काळी तिथे किती शांतता असेल याची कल्पना आज त्या चौकात उभे राहून करता येत नाही. तरी माझा अनुभव थोडा वेगळा आहे. शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेमसेवा आश्रम आहे. इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली सुरू केलेल्या ख्रिस्त सेवा संघाची परंपरा तिथे आहे, झाडे आहेत, शांतता आहे. एकदा मी तिथे एका दिवसाच्या एकांतवासाला गेले. बाहेर पक्ष्यांखेरीज आवाज नव्हता, आणि त्या दिवशी माझ्या मनात जितका कोलाहल झाला तितका गणेशोत्सवात आमच्या गल्लीतून ढोल-ताशे जात असतानाही कधी झाला नव्हता. कित्येक वर्षे बाजूला सारलेली भांडणे, न दिलेली उत्तरे, आईच्या शेवटच्या आजारपणातली माझी हयगय, सगळे एकापाठोपाठ वर आले. दुपारपर्यंत मला वाटले की दिवस वाया गेला. संध्याकाळी निघताना लक्षात आले की त्या साऱ्या गोष्टी मी प्रथमच देवासमोर नावानिशी मांडल्या होत्या.

एकांताची जागा सर्वांना मिळत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना कर, असे येशू म्हणतो. मूळ ग्रीक भाषेत त्या ठिकाणी जो शब्द आहे त्याचा अर्थ घराच्या आतली कोठीची खोली असाही होतो, म्हणजे धान्य आणि सामान ठेवण्याची जागा. आपल्याकडे एका खोलीत पाच माणसे राहतात त्यांनी कोणते दार लावावे? अठराव्या शतकातल्या सुझाना वेस्लीची गोष्ट मेथडिस्ट मंडळीत आवडीने सांगितली जाते. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची ही आई. तिला एकोणीस मुले झाली, घरात तिला निवांत कोपरा नव्हता, म्हणून ती कामाच्या वेळचा एप्रन डोक्यावरून ओढून घेई आणि आई प्रार्थनेत आहे हे मुलांना कळे. आमच्या नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती बायकांना ही गोष्ट सांगितली तर त्यांना तिचे नवल वाटणार नाही. माझी आजी चुलीपुढे बसल्या बसल्या पदर कपाळापर्यंत ओढून घ्यायची, आणि तेवढा वेळ आम्ही भाकरीसुद्धा मागत नव्हतो.

मोबाइल फोनविषयी मात्र मी कठोर बोलणार आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, देवळे बंद झाली आणि आमची उपासना फोनच्या पडद्यावर आली. त्या काळात फोनने मंडळी एकत्र राखली, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु देवळे उघडली तरी फोन हातातून सुटला नाही. पवित्र शास्त्र फोनमध्ये, गीते फोनमध्ये, आणि त्याच पडद्यावर वरून सरकत येणारे व्हॉट्सअॅपचे निरोप. उपदेश चालू असताना अंगठा आपोआप खाली सरकतो, हे मी शेजारच्या बाकावर दर रविवारी पाहते आणि माझ्या स्वतःच्या हातातही पाहिले आहे. मनात आपोआप उठणारा विचार आणि कोणीतरी आपले लक्ष वेधून घेण्यासाठीच मुद्दाम पाठवलेली सूचना या दोन गोष्टी एका तागडीत तोलता येणार नाहीत. पहिलीशी सबुरीने वागावे, दुसरीचे दार सरळ बंद करावे. देवळाच्या दाराशी टोपली ठेवून फोन तिथे जमा करावेत असे मी मंडळीच्या सभेत सुचवले होते. तरुणांनी त्यांच्या शास्त्राची प्रत फोनमध्येच असल्याचे सांगितले आणि प्रस्ताव मंजूर झाला नाही. त्यांचे म्हणणे मी समजू शकते. म्हणून माझी सर्वांना विनंती एवढीच आहे की, छापील पुस्तक घरात असेलच, ते रविवारी सोबत आणावे. घरी प्रार्थनेच्या वेळी मी फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवते आणि जवळ एक वही ठेवते. दूधवाल्याचे पैसे, कुणाला करायचा राहिलेला फोन, असे काही आठवले की त्यात एक शब्द लिहिते आणि परत वळते. विसरण्याची भीती गेली की असले विचार पुन्हा पुन्हा येत नाहीत.

एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. ज्याचे मन प्रार्थनेतच नव्हे तर कशातच लागत नाही, ज्याची झोप गेली आहे, ज्याला आठवडेच्या आठवडे उदास वाटते, त्याने हे विश्वासाचे अपयश समजू नये आणि डॉक्टरांकडे जाण्यात उशीर करू नये. प्रार्थना त्याच्यासाठी तेवढा काळ दुसऱ्यांनी करावी. कशासाठी प्रार्थना करावी हेही आपल्याला नीट कळत नाही, तेव्हा देवाचा आत्मा शब्दांवाचून आपल्यासाठी विनवणी करतो, असे प्रेषित पौलाने रोमकरांस पत्रात लिहिले आहे.

संपादक महोदय, त्या तरुणाचा पत्ता आपल्याकडे असेल तर हे पत्र त्याच्यापर्यंत पोहोचवावे. त्याने एकदम पूर्वीसारखी अर्ध्या तासाची प्रार्थना सुरू करू नये. आज रात्री फक्त ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एवढी हाक मारावी, मन हप्त्यांकडे गेले तर हप्ता किती आहे ते पित्याला सांगावे आणि झोपावे. आमच्या मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी सात वाजता प्रार्थनासभा असते. दहा-बारा माणसे येतात, बहुतेक माझ्याच वयाची. कुणाला डुलकी लागते, कुणाचा कुकर घरी गॅसवर असतो. त्याला यावेसे वाटले तर माझ्या शेजारी जागा असते.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
नाना पेठ, पुणे